तुषारी आधी कोणी पाहिली?

१

मोठी दुर्बीण धबधब्याखालच्या खडकांत आडवी पडली होती. पुढचं भिंग फुटलं होतं, स्टँडचा एक पाय मोडून लोंबत होता, आणि वरच्या कट्ट्यावरून पाच माणसं वाकून तिच्याकडे बघत होती.

"मी बांधली होती," शेवटी गाइड म्हणाला. "पट्ट्याने या कठड्याला बांधून गेलो होतो. शपथेवर सांगतो."

अख्ख्या राष्ट्रीय उद्यानात तशी दुर्बीण एकच. गाइड सहाच्या सुमारास ती पाठीवर घेऊन वर आला होता, धबधब्याच्या पडद्यामागच्या कपारीवर रोखून ठेवली होती आणि पाहुण्यांना आणायला अर्ध्या तासाची वाट उतरून विश्रामगृहावर गेला होता. तुषारी हा मुठीएवढा पक्षी त्या कपारीत घरटं करतो आणि सकाळच्या पहिल्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात काय तो बाहेर बसतो. पाहुणे धापा टाकत वर येऊन पोचल्यावर दुर्बीण लावायला घेतली, तर पक्षी गेलेला असायचा. म्हणून अकरा वर्षं तो असंच करत आला होता. नियम मात्र सांगत होता की दुर्बीण एकटी सोडायची नाही.

धापा टाकणाऱ्या पाहुण्यांत पहिला नंबर ताईंचा. ताईंना पक्ष्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. त्या विमा कंपनीत एकतीस वर्षं नुकसानीची पाहणी करून निवृत्त झाल्या होत्या. काय मोडलं, कसं मोडलं आणि कोण थापा मारतंय, एवढंच त्यांना कळायचं, पण ते फार चांगलं कळायचं. इथे त्या आल्या होत्या कारण धाकट्या बहिणीने हट्ट धरला, आणि धाकटीच्या हट्टापुढे त्यांच्या घरात कधीच कुणाचं काही चाललं नव्हतं.

धाकटीला घरात चिऊ म्हणत. वय पन्नास, पण चिऊ ती चिऊच. जाईल तिथे ती लाडकी. ताई वर्गात पहिल्या यायच्या तेव्हा बाबा मान डोलवायचे. चिऊ नुसती पास झाली तरी तिला उचलून घ्यायचे. पक्षी बघायला लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि परवा आल्या आल्या, पहिल्याच संध्याकाळी, गाइडबरोबर एकटी वर येऊन ती तुषारी बघून गेली होती. तीच तुषारी, जिच्यासाठी विश्रामगृहावरचे चौथे पाहुणे, डॉक्टर, एकोणीस वर्षं येत होते.

ताई वाकल्या आणि पट्टा उचलला. पट्टा तुटला नव्हता, फाटलाही नव्हता. बक्कल नीट सोडवलेलं होतं.

मग त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं. तुषारांनी सगळा कठडा हिरवागार, शेवाळलेला. फक्त एका जागी, पट्ट्याच्या रुंदीएवढं शेवाळ ओलं आणि नुकतंच घासलेलं.

"बांधली होती," ताई म्हणाल्या. "आणि कुणीतरी सोडली."

२

वनाधिकारी बाई साडेनऊला विश्रामगृहावर आल्या. बाई वाईट नव्हत्या, पण कागदाच्या पक्क्या होत्या.

"कुणी सोडली असेलही," त्या गाइडला म्हणाल्या, "पण एकटी ठेवलीस ना तू? उद्या सकाळी आठची जीप माझा अहवाल घेऊन जाईल. तोवर दुसऱ्या कुणी केलं हे कळलं तर तसं लिहीन, तुला समज देऊन सोडेन. नाहीतर बिल्ला काढून ठेव."

गाइडच्या छातीवरचा पितळी बिल्ला घासून घासून गुळगुळीत झाला होता. बिल्ला गेला की डोंगर गेला, आणि डोंगराशिवाय त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. तो जेवणघराच्या दारात उभा होता. आत भिंतीवर तुषारीचं मोठं रंगीत चित्र होतं, त्याकडे बघून तो पुटपुटला, "त्या चित्रात चूक आहे, सात वर्षं सांगतोय, कुणी दुरुस्त करत नाही. माझी चूक मात्र एका दिवसात दिसली."

ताईंनी चष्मा पुसला. त्यांना त्याची दया आली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त उत्साह आला. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत कुणी त्यांना कामाचं काही विचारलं नव्हतं.

"बाई, संध्याकाळपर्यंत मला बोलू द्या सगळ्यांशी," त्या म्हणाल्या.

पहिला हाती लागला तो मेहुणा, चिऊचा नवरा. व्हरांड्यात पाय पसरून चहा पीत होता.

"मेहुणेबुवा, सहा ते सात कुठे होतात?"

"पांघरुणात! ताई, मी सुट्टीवर आलोय, ड्यूटीवर नाही." मग कप खाली ठेवून तो जरा हळू बोलला, "पण दुर्बीण फुटली याचं मला फार वाईट वाटलं असं नाही हं. परवा आली ती नुसती तुषारी तुषारी करत. सत्तावीस वर्षं झाली लग्नाला, माझ्याकडे बघून एवढी कधी फुलली नाही ती. आणि तो गाइड! 'तुमची नजर फार तेज आहे बाई' म्हणे. आमची नजर मंद!"

"म्हणून तुम्ही पहाटे उठून..."

"पहाटे उठायचं असतं तर लग्नच टिकलं नसतं आमचं," मेहुणा म्हणाला, आणि ताईंना ते पटलं. हा माणूस हेव्यापायी फार तर चहा थंड होऊ देईल. अर्धा तास डोंगर चढणं त्याच्या हेव्याला झेपणारं नव्हतं.

डॉक्टर अंगणात वहीत काहीतरी लिहीत बसले होते. ते दातांचे डॉक्टर. उंच, नीटनेटके, बोलण्यात अदब. कातडी बांधणीची ती जाड वही त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायची. आयुष्यात पाहिलेला प्रत्येक पक्षी त्यात क्रमांकाने, तारीख आणि वेळेसह. परवा रात्रीच्या जेवणाला त्यांनीच सांगितलं होतं, "सहाशे अकरा. आणि या वहीत एक अक्षर खोटं नाही, ताई. तसं करणारे असतात, पण मग बघायचंच कशाला?" त्यानंतर चिऊ सगळ्यांना रंगवून सांगत होती, "आणि कपाळावर एवढासा पांढरा ठिपका, टिकली लावल्यासारखा!" तेव्हा डॉक्टर हसून टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवताना त्यांच्या हातांचा आवाज झाला नव्हता, हे फक्त ताईंनी पाहिलं होतं. ओळखीचा प्रकार होता. चिऊच्या प्रत्येक बक्षिसाला ताईंनी तशाच टाळ्या वाजवल्या होत्या.

"मी साडेपाचला वरच्या धारेच्या, डोंगरमाथ्यावरच्या वाटेने गेलो," डॉक्टर म्हणाले. "तिकडून थेट धबधब्यावर उतरलो, तुम्ही सगळे पोचलात तेव्हाच. धारेवर कुणी भेटलं नाही. पक्षीही विशेष नाहीत, नेहमीचेच."

ताई खोलीकडे वळल्या. चिऊच्या दारापुढे तिचे बूट उन्हात ठेवलेले होते. ताईंनी एक उचलला आणि उलटा केला. आतून पाणी गळलं.

सकाळी सगळे गाइडबरोबर निघाले तेव्हा चिऊने दुसरे बूट घातले होते. म्हणजे हे त्याच्या आधीच भिजले होते.

ताईंना बरं वाटलं. आधी बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

३

"मी कुठे गेले नव्हते," चिऊ म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. लहानपणीही ती खोटं बोलताना कानाची पाळी ओढायची. आता तिने पाळी ओढली.

"बूट आंघोळीला नेले होतेस का?"

"ताई, तू माझ्यावर संशय घेतेस?"

"मी सगळ्यांवर घेते. सवय आहे."

"नाही. माझ्यावर घेताना तुला मजा येते," चिऊ म्हणाली आणि आत निघून गेली. ताईंनी बूट परत उन्हात ठेवला. बोलणं खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

त्यांनी गाइडला गाठलं. "तू परत उतरताना वाटेत कुणी दिसलं होतं?"

तो घुटमळला. "बाई, उगाच कुणाचं नाव..."

"तुझा बिल्ला जाईल उद्या. बोल."

"तुमच्या बहीणबाई. वाटेवरचा ओढा ओलांडून जरा वर आल्या होत्या. मला वरून येताना बघितलं आणि पाठ फिरवून भराभर परत निघाल्या. लाल शाल होती. मग विश्रामगृहापर्यंत त्या पुढे, मी मागे."

"म्हणजे तू दुर्बीण ठेवून निघालास त्यानंतर ती धबधब्यापर्यंत गेलीच नाही?"

"कशी जातील? खालून वाट एकच, आणि त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. ओढा ओलांडला, तेवढाच. मला काय वाटलं, एवढ्या सकाळी एकट्या आल्यात म्हणून ओशाळल्या असतील."

चिऊ सुटली. ताईंना हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्या स्वतःशीच चिडल्या, कारण एक हातचा आरोपी गेला होता. शिवाय प्रश्न उरलाच. परवा जी तुषारी डोळे भरून पाहिली, तिच्यासाठी ही बाई पहाटे चोरासारखी ओढ्यापर्यंत का गेली, आणि गाइडला बघून पळाली का?

४

दुपारी सगळे खालच्या रानात गेले. सुट्टीचे दिवस मोजके. कुणाला घरात बसायचं नव्हतं. गाइडही आला. उद्या बिल्ला राहणार की जाणार याची खात्री नसलेला तो माणूस प्रत्येक फांदीकडे अशा प्रेमाने बोट दाखवत होता की ताईंना बघवेना.

एका जुन्या झाडाच्या ढोलीशी तो थांबला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं. ढोलीत, लाकडाच्याच रंगाचं, एक इवलंसं घुबड डोळे मिटून बसलं होतं.

"अय्या, झोपलंय!" चिऊ कुजबुजली.

"झोपलेलं बघायला मी घरीच होतो की," मेहुणा म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा मात्र लहान मुलासारखा उजळला. "हे मी कधी पाहिलं नव्हतं! सहाशे तेरा!" त्यांनी वही काढली, घड्याळ पाहिलं, आणि उभ्या उभ्या लिहिलं.

सगळ्यांनी हळूच अभिनंदन केलं. ताईंनीही केलं. मग परतीच्या वाटेवर त्या सगळ्यांच्या मागे राहिल्या, गुडघ्याचं निमित्त सांगून.

एकतीस वर्षं त्यांनी आकडे ऐकले होते. लोक तारीख चुकवतात, वेळ चुकवतात, साक्षीदार बदलतात. पण ज्या आकड्यावर माणसाचा जीव असतो तो आकडा तोंडातून खराच निसटतो.

संध्याकाळी, जेवणाआधी, विश्रामगृहाच्या रिवाजाप्रमाणे दिवसभराच्या पक्ष्यांची यादी वाचली जायची. वाचायचं डॉक्टरांनी, आणि ज्याने जो पाहिला त्याने हात वर करायचा. ताईंनी वनाधिकारी बाईंना निरोप पाठवला: यादी ऐकायला या, आणि गाइडलाही घेऊन या.

५

जेवणघरात डॉक्टरांनी यादी वाचली. हात वर झाले, खाली आले. घुबडाला पाचही हात वर झाले, गाइडचा दारातून.

"डॉक्टर," यादी संपल्यावर ताईंनी सहज विचारलं, "आज तुम्हाला नवे किती मिळाले?"

"एकच. घुबड."

"आणि काल?"

"काल प्रवासाचा शीण होता, इथेच व्हरांड्यात बसून काढला दिवस. नवं काही नाही."

"मग आता एकूण किती झाले?"

डॉक्टरांनी यादीचा कागद दुमडला. टेबलावरचा दिवा जरा फुरफुरला.

"सहाशे बारा," ते म्हणाले.

"दुपारी तुम्ही सहाशे तेरा म्हणालात."

"बोलण्याच्या ओघात चुकलो असेन."

"तुम्ही?" ताई हळू बोलत होत्या, कंपनीत त्यांचा आवाज जितका खाली जाई तितका समोरचा घाबरे. "परवा सहाशे अकरा होते. मधला एक कुठे पाहिलात? धारेवर म्हणालात तर धारेवरचे पक्षी नेहमीचेच, असं तुम्हीच मला सांगितलंत. यादीत तो लपवलात, आमच्यापासून लपवलात. पण वहीपासून लपवता येणार नाही तुम्हाला. मी ती हिसकावून घेणार नाही, डॉक्टर. एवढंच सांगा, सहाशे बाराव्या ओळीत काय लिहिलंय? त्या वहीत एक अक्षर खोटं नाही, हे तुम्हीच सांगितलंत."

डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला. मग त्यांनी वही काढली आणि उघडून ताईंपुढे सरकवली.

ताईंनी वाचलं. "सहाशे बारा. तुषारी. सकाळी सहा बावीस. धबधब्यामागची कपार."

दारात गाइडने भिंतीला हात टेकला.

"एकोणीस वर्षं," डॉक्टर म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "आणि या बाईंना पहिल्या संध्याकाळी. एक वर्षाच्या अनुभवावर! मला परवा झोप लागली नाही, काल दिवसभर हिच्या तोंडून तीच गोष्ट ऐकली, काल रात्रीही झोप नाही. सकाळी धारेवरून उतरलो, दुर्बीण लावलेली होती, डोळा लावला आणि समोर तुषारी. माहीत आहे मला काय वाटलं? काहीच नाही. आनंद नाहीच. वाटलं, मी दुसरा. माझ्या आधी हिने पाहिली. आता हे सगळे येतील आणि ओळीने बघतील. म्हणून पट्टा सोडला. दुर्बीण दुसरीकडे वळवून ठेवणार होतो, म्हणजे कपार कुणाला सापडली नसती. उचलली. आणि मग..." त्यांनी दोन्ही हात उघडले. "निसटली नाही. मी सोडली."

"आणि दिवसभर गाइडच्या बिल्ल्याकडे बघत राहिलात," वनाधिकारी बाई म्हणाल्या. त्यांनी अहवालाचा कागद फाडला आणि नवा कोरा कागद डॉक्टरांपुढे ठेवला. "लिहा. सगळं. तुमच्याच अक्षरात."

ताईंनी वही मिटण्याआधी नोंदीखालचं पेन्सिलचं छोटं चित्र पाहिलं. शेजारी डॉक्टरांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: कपाळ गडद. भिंतीवरच्या चित्रातला पांढरा ठिपका मुळीच नाही.

ताईंनी भिंतीकडे पाहिलं, मग चिऊकडे. आणि ती ओळ मोठ्याने न वाचता वही मिटली.

६

व्हरांड्यात चिऊ एकटीच बसली होती.

"तुषारीच्या कपाळावर ठिपका नसतो," ताई म्हणाल्या. "तो फक्त चित्रात आहे."

चिऊचा हात कानाच्या पाळीकडे गेला आणि मध्येच थांबला. मग ती रडायला लागली, मोठ्या माणसासारखी, आवाज न करता.

हा क्षण ताईंनी किती वर्षं मनात घोळवला होता! लाडक्या चिऊची लबाडी, पुराव्यासकट, त्यांच्या हातात. बाबा असायला हवे होते. पण बाबा नव्हते, आणि समोर नाक पुसणारी एक पन्नाशीची बाई होती.

"गाइडने दुर्बीण दाखवली. मी डोळा लावेपर्यंत पक्षी उडाला," चिऊ म्हणाली. "तो एवढ्या आशेने विचारत होता, दिसली ना बाई, दिसली ना? मी हो म्हटलं. मग सगळे माझ्याभोवती जमले. ताई, तू पण जमलीस. तू माझ्याकडे बघत होतीस."

"त्यात काय एवढं?"

"तू माझ्याकडे कधी बघतेस? शाळेत बाई म्हणायच्या, हिची बहीण बघा. तुझी जुनी पुस्तकं मला, त्यात समासात तुझी सगळी बरोबर उत्तरं. मी कुठेही पोचले तरी तिथे तू आधीच येऊन गेलेली असायचीस. लाड काय, लाड कुत्र्याचेही करतात! मला आयुष्यात एकदा तुझ्या आधी काहीतरी दिसायला हवं होतं. आज सकाळी गेले ती खोटं खरं करायला गेले. तेही जमलं नाही."

ताई कठड्याला टेकल्या. चाळीस वर्षं त्यांनी जिचा हेवा केला, ती चाळीस वर्षं त्यांचाच हेवा करत बसली होती, भिंतीच्या पलीकडच्या खोलीत.

"डॉक्टरांना सांगायला हवं," चिऊ उठत म्हणाली. ताईंनी अडवलं नाही.

जेवणघरात डॉक्टर अजून लिहीत होते. चिऊ त्यांच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "डॉक्टर, मी तुषारी पाहिलीच नव्हती. थाप मारली. तुमच्याआधी आमच्यापैकी कुणी पाहिली नाही. पहिले तुम्हीच."

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं. ते तिच्याकडे बघत राहिले, मग फुटक्या दुर्बिणीकडे, जी कोपऱ्यात सतरंजीवर ठेवलेली होती. "पहिला," ते म्हणाले. त्यांनी खिशातली वही चाचपली, पण बाहेर काढली नाही.

७

दुसऱ्या दिवशी, जीप निघायच्या पुष्कळ आधी, गाइड दोघी बहिणींना घेऊन वर गेला. मोठी दुर्बीण नव्हती. चिऊच्या गळ्यातली साधी होती आणि ताईंना गाइडने आपली दिली होती. बिल्ला त्याच्या छातीवर होता, आणि आज त्याने तो घासूनही आणला होता. ताईंनी गुडघ्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

उजेड आला. तुषारांनी चष्मा भिजला, ताईंनी तो पुसला आणि दुर्बीण परत डोळ्यांना लावली. पाणी, खडक, पाणी. आणि अचानक, पडद्याच्या कडेला, ओल्या दगडावर एक मुठीएवढा गडद पक्षी. शेपटी वरखाली. कपाळावर ठिपका नाही.

शेजारी चिऊ भलत्याच दिशेला शोधत होती, आणि तिची मान ताणून ताणून दुखत असावी.

ताईंनी दुर्बीण खाली केली. "मला इथून काही दिसत नाही बाई," त्या म्हणाल्या. "डावीकडच्या दगडाच्या बाजूला जरा बघ. तुझे डोळे चांगले आहेत."

चिऊ वळली. एक क्षण गेला, दोन गेले.

"ताई! दिसली! ताई, ती बघ!"

"कुठे गं?" ताई म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांनी एकही खरी नोंद दडपली नव्हती. ही पहिलीच.

गाइड ताईंकडे बघत होता. त्याने त्यांची दुर्बीण मघाशी कुठे रोखलेली होती ते पाहिलं होतं. खिशातून त्याने पेन्सिल काढली आणि नोंदीच्या कागदावर चिऊचं नाव लिहिलं.